दहा चौरस फूट ऊन

ज्या घरात माणसाला पाय पसरायला जागा उरत नाही, त्या घरात भाजीला मात्र ती हमखास सापडते, हा आधुनिक जीवनाचा एक गंभीर आणि आता सर्वमान्य झालेला नियम आहे. याचं कारण सोपं आहे. माणसाला कोपरा दिला की तो उद्या उशी मागतो, परवा पंखा मागतो आणि तेरवा आपलं मत सांगायला लागतो. पालकाची जुडी असलं काही करत नाही.

हे सत्य ज्या इमारतीला सर्वांत आधी उमगलं, ती चार मजली होती आणि तिच्यात अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं होती. 'घर तिथे वाफा' ही बारमाही भाजीपाला योजना तिथे लागू झाली तेव्हा सेहेचाळीस बिऱ्हाडांनी आनंदाने नावं नोंदवली. उरलेल्या दोनांपैकी एक घर बंद होतं. दुसरंही बंद होतं (आत माणसं होती).

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत वजनमापे खात्यातले एक निरीक्षक राहत असत. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा आणि किलोत दहा ग्रॅमही कमी भरलं तर मान हलवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवत. शाळेत त्यांना बाई म्हणत आणि सवयीने घरीही बाईच म्हणत. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. आणि चौथे होते निरीक्षकांचे वडील, अप्पा. अप्पांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. आता ते उन्हात बसत.

उन्हात बसणं हे वरकरणी सोपं काम वाटतं; पण त्या घरात ऊन एकाच खिडकीतून यायचं. सकाळी दहाच्या सुमाराला ते कपाटाच्या पायाशी चौकोनी उतरायचं, जमिनीवरून इंचाइंचाने सरकत साडेतीनला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचायचं आणि तिथून नाहीसं व्हायचं. अप्पा आपली वेताची खुर्ची घेऊन त्याच्या मागोमाग सरकत. थंडीत त्यांची बोटं आखडायची, गुडघे धरायचे. डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिलं होतं, 'रोज दोन तास ऊन.' बाकीची औषधं अप्पा अधूनमधून चुकवायचे. हे एक कधी चुकलं नव्हतं.

योजनेचं परिपत्रक क्रमांक एक आलं, तेव्हा त्यात पहिलं वाक्य होतं: 'ज्या ऊन-क्षेत्रावर भाजी नाही, ते क्षेत्र पडीक समजण्यात येईल.' खाली सचिवांची सही होती. सचिव म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ. मोजायला जमीन उरली नाही म्हणून ते घरं मोजत असत. परिपत्रकासोबत एक फॉर्म होता आणि ज्या घरात इंचही पडीक नाही, त्या घराच्या दाराला हिरवी पाटी लावण्याचं आश्वासन होतं: 'शून्य पडीक'.

महिन्याभरात इमारत ओळखू येईना. दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरने शिलाई मशीनच्या पायट्यावर मुळा लावला, म्हणजे मशीन चालवलं की मुळ्याला हवाही मिळायची. नर्सबाईंनी न्हाणीघरातला टब भाजीला दिला आणि स्वतः बादलीवर आल्या. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी चाकाच्या सुटकेसमध्ये वांगी लावली. ते मेव्हण्याकडे चार दिवस राहायला गेले तेव्हा वांगी सोबत घेऊन गेले (मेव्हण्याने दोघांनाही पाणी विचारलं, असं ते कौतुकाने सांगत). जिन्यात भेटणारी माणसं आता प्रकृती विचारत नसत. "तुमचं फुललं का?" असं विचारत.

अशा वातावरणात निरीक्षकांनी फॉर्म भरायला घेतला, आणि तिथेच त्यांच्या हातून ती चूक झाली. चूक म्हणजे काय, तर त्यांनी फॉर्म खरा भरला.

त्यांनी पोलादी टेप काढला, खिडकीतलं ऊन मोजलं आणि लिहिलं: एकूण ऊन-क्षेत्र, दहा चौरस फूट. पैकी भाजीखाली, सहा (चाकाची तीन मजली घडवंची, कुंड्या चौदा). पुढचा रकाना होता: 'उर्वरित क्षेत्राचा सध्याचा वापर.' सेहेचाळीस फॉर्मांपैकी पंचेचाळीस लोकांनी इथे 'निरंक' लिहून विषय संपवला होता. निरीक्षकांच्याने ते होईना. चार चौरस फूट जागा डोळ्यांसमोर व्यापलेली दिसत असताना निरंक कसं लिहायचं? त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वडील (नग एक).'

आठ दिवसांत उत्तर आलं. 'आपण नमूद केलेला अडथळा कायमस्वरूपी आहे की हलवता येण्याजोगा, ते कळवावे.'

निरीक्षकांनी बराच विचार केला आणि कळवलं: 'हलवता येण्याजोगा आहे. मात्र गुडघ्यांमुळे सावकाश.'

मग सचिव स्वतः आले. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात वही.

"ही खुर्ची कुणाची?"

"वडिलांची," निरीक्षक म्हणाले.

"आणि वडील?"

"खुर्चीतच आहेत ना, साहेब."

"ते दिसतंय हो. किती वेळ असतात?"

"ब्याऐंशी वर्षं झाली," अप्पा म्हणाले.

सचिवांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग आवाज खाली आणून, जसं घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं, म्हणाले, "हे बघा, तुमची अडचण मला समजते. माझ्याकडेही आई होती. पण चार फुटांत पालकाच्या सहा जुड्या बसतात."

"माझ्या एका बैठकीत दोन घड्याळं दुरुस्त व्हायची," अप्पा म्हणाले. "तुमचंही एक होतं त्यात. मागे पडायचं."

"आता बरोबर चालतं," सचिव म्हणाले आणि मनगटाकडे पाहून उठले.

त्या रविवारी दुसरी घडवंची आली. अप्पांची खुर्ची कपाट आणि भिंत यांच्यामध्ये गेली, जिथे ऊन कधीच पोचत नसे. हे काम घरात सगळ्यांनी अत्यंत प्रेमाने केलं, हे मुद्दाम नोंदवायला हवं. मुलीने खुर्चीखाली सतरंजी घातली. बाईंनी गुडघ्यांवर शाल टाकली. निरीक्षकांनी "थोडे दिवस हो अप्पा, एकदा पाटी लागली की बघू" असं सांगितलं. अप्पांनी "बरं" म्हटलं. पन्नास वर्षं ज्याने लोकांना 'मंगळवारी या' सांगितलं, त्याला 'बघू'चा अर्थ कळायला वेळ लागत नाही.

बाईंनी आपलं भूगोलाचं ज्ञान प्रथमच घराच्या कामी आणलं. त्यांनी खडूने जमिनीवर उन्हाच्या चौकोनाच्या जागा आखल्या आणि दर चाळीस मिनिटांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. गजर वाजला की घरात असेल त्याने दोन्ही घडवंच्या पुढच्या चौकोनात ढकलायच्या. चाकं नेमकी कपाटापाशी वळत, त्यामुळे दरवेळी एक वाक्य बोलावं लागे: "अप्पा, पाय." कधी नम्रपणे, "अप्पा, जरा पाय," कधी घाईत नुसतंच "पाय!" एका मोजलेल्या रविवारी हे वाक्य नऊ वेळा बोललं गेलं. त्याच दिवशी अप्पांना उद्देशून बोललेली इतर वाक्यं तीन होती. त्यांपैकी दोन "झारी कुठेय?" ही होती.

अप्पांकडे दुर्लक्ष झालं, असा मात्र कुणी अर्थ काढू नये. घरात मधमाश्या नसल्याने टोमॅटोच्या फुलांचं परागीभवन हाताने करावं लागतं, आणि त्याला फार बारीक ब्रश लागतो. तो कुणाकडे होता? अप्पांकडे. घड्याळातली धूळ काढायचा तो ब्रश त्यांनी अजून डबीत जपून ठेवला होता. त्यांनी तो दिला, चिमटा दिला, डोळ्याला लावायचं भिंगही देऊ केलं. ते कुणाच्या डोळ्यावर टिकेना, म्हणून परत आलं.

आणि कोपऱ्यात बोटं आखडतात, असं एकदा अप्पा म्हणाले, तेव्हा बाईंनी त्याच दिवशी दिवा आणला. रोपं वाढवायचा जांभळा दिवा. तो भाजीवर लावायचा नव्हता. समितीच्या मते दिव्याखालची भाजी 'कृत्रिम' ठरते आणि पाटीच्या गुणांत धरली जात नाही. माणसाबद्दल असा काही नियम नव्हता. सबब, भाजी उन्हात आणि अप्पा दिव्याखाली, अशी न्याय्य वाटणी झाली. दिव्याच्या खोक्यावर स्पष्ट छापलेलं होतं की या प्रकाशातला आणि सूर्यप्रकाशातला फरक रोपांना कळत नाही.

"कसं वाटतंय?" निरीक्षकांनी विचारलं. "रंग तर खुललाय," बाई म्हणाल्या.

"उजेड आहे. ऊब नाही," अप्पा म्हणाले. "पण रंग खुललाय म्हणतेस ना सूनबाई? मग झालं तर."

पहिल्या तीन महिन्यांचं उत्पन्न निरीक्षकांनी शिक्क्याच्या काट्यावर तोलून लिहून ठेवलं आहे. टोमॅटो तीन (एक पिकलेला, एक विचाराधीन, एक गळून पडलेला). पालक, धुण्याआधी चाळीस ग्रॅम, धुतल्यावर एकतीस. मिरची एक, ती पाहुण्यांना दाखवायची असल्याने खाल्ली गेली नाही. मुळ्याचा पाला उत्कृष्ट होता. मुळा अद्याप संकल्पनेच्या पातळीवर होता. कोथिंबिरीचं वजन काट्याने दाखवलं नाही, पण वास आला.

या यशाने समितीचा उत्साह दुणावला आणि परिपत्रक क्रमांक सात निघालं. प्रत्येक बागेशी रोज किमान दहा मिनिटं प्रेमाने बोलावं, असं त्यात म्हटलं होतं. बाई टोमॅटोशी बोलू लागल्या. मुख्याध्यापिका कशा टाकून बोलतात, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. टोमॅटोला सगळं सांगितलं. मुलीने मुळ्याला सांगितलं की तिचे मागच्या परीक्षेचे दोन पेपर राहिलेत आणि बाबांना कसं सांगावं ते सुचत नाही. निरीक्षकांना काय बोलावं कळेना, म्हणून ते मिरचीसमोर दहा मिनिटं घसा साफ करत. मुळ्याला हे सगळं ऐकून काय वाटलं, हे कळायला मार्ग नाही. कोपऱ्यात जांभळ्या उजेडात बसलेल्या अप्पांनी मात्र सगळं ऐकलं. त्यांच्याशी बोलावं, असं कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

त्या आठवड्यात अप्पांनी समितीची सातही परिपत्रकं मागून घेतली. डोळ्याला भिंग लावलं आणि बिघडलेलं घड्याळ उघडावं तशी एकेक ओळ उघडून पाहिली. खालची बारीक टाईपातली व्याख्यांची यादीही सोडली नाही. ती यादी सचिवांनी स्वतः लिहिली होती आणि स्वतःही वाचली नव्हती.

पुढच्या रविवारी दहा वाजता गजर वाजला. निरीक्षक घडवंची ढकलायला आले, तर पहिल्या खडूच्या चौकोनात अप्पा खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर एक कुंडी. कुंडीत पुदिन्याची काडी.

"अप्पा, पाय."

"पाय कसले? बाग म्हण."

"अप्पा, चेष्टा नको. ऊन चाललंय."

"म्हणून तर बसलोय. हे वाच." अप्पांनी परिपत्रक क्रमांक दोन पुढे केलं. व्याख्या सहावी: 'फिरती बाग म्हणजे मातीची किमान एक कुंडी धारण करणारी व एका जागेहून दुसऱ्या जागी हलवता येणारी कोणतीही मांडणी, मग ती लाकडी, लोखंडी किंवा अन्य पदार्थाची असो.'

"मग?"

"मी अन्य पदार्थ," अप्पा म्हणाले. "कुंडी धारण केलीय. आणि हलवता येतो, हे तूच लिहून दिलंयस. गुडघ्यांमुळे सावकाश."

मुलगी फस्सकन हसली. बाई स्वयंपाकघरातून आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. निरीक्षक मात्र हसले नाहीत. नियम पाळायचा म्हटला की तो सोयीचा असो वा नसो, पाळायचा, अशी त्यांची शिस्त होती. त्यांनी व्याख्या तीन वेळा वाचली. पळवाट नव्हती. मग त्यांनी टेप काढून अप्पांना खुर्चीसकट मोजलं, चार चौरस फूट भरले, आणि सचिवांना बोलावणं धाडलं.

सचिवांनीही मोजलं. "असं कसं चालेल?" ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी शब्द बदलले. "असं आजवर कुणी केलं नव्हतं." पण स्वतःची व्याख्या चुकीची होती असं लिहून देण्यापेक्षा एक म्हातारा बाग म्हणून नोंदवणं कमी कष्टाचं होतं. अप्पांना बागेचा क्रमांक मिळाला, एकतीसचा ब (अ म्हणजे पहिली घडवंची). दुसरी घडवंची जिन्यात गेली.

नोंदणीबरोबर सगळे हक्क आले. रोज उन्हाचा पूर्ण फेरा. दर चाळीस मिनिटांनी हलवणं, तेही दोन माणसांनी, हळू, धक्का न लावता. सकाळ-संध्याकाळ पाणी, वेळेवर. ओल्या फडक्याने धूळ पुसणं (पानांची असं लिहिलं होतं, बाईंनी अप्पांचा चष्मा आणि हात पुसले). जिन्यात शेजारी भेटले की आपणहून विचारू लागले, "एकतीस ब कसा आहे?" आणि रोज दहा मिनिटं प्रेमाने बोलणं. निरीक्षकांनी पहिल्या दिवशी अप्पांसमोर बसून घसा साफ केला.

"बोल की," अप्पा म्हणाले. "मिरचीला तरी काय सांगायचास?"

"काही नाही. असंच."

"मग असंच सांग."

पोरीच्या दोन पेपरांचं निरीक्षकांना तिसऱ्या दिवशी कळलं. ते तिने आजोबांसमोर, आजोबांचा हात धरून सांगितलं, आणि उत्पादनाच्या दृष्टीने त्याचा काही तोटा झाला नाही.

महिनाअखेरीला आणखी एक नियम लागू झाला: प्रत्येक बागेचं वजन घेऊन वाढ नोंदवावी. निरीक्षकांनी कचेरीतून मोठा काटा आणला. अप्पांना कुंडी आणि खुर्चीसकट तोललं, मग कुंडी वजा केली, खुर्ची वजा केली. सत्तावन्न किलो. तुलनेला मागचा आकडा हवा, म्हणून त्यांनी गेल्या वर्षीचा दवाखान्याचा कागद शोधून काढला. एकसष्ट.

निरीक्षकांनी काटा तपासला. शून्यावर आणला, प्रमाण वजनं ठेवून पाहिली, पुन्हा तोललं. काटा बिनचूक होता. दुकानदारांचे हजारो काटे त्यांनी खोटे ठरवले होते. हा एक खोटा निघावा असं त्यांना फार वाटलं. दुकानात दहा ग्रॅम कमी भरले तर लांबून ओळखणाऱ्या माणसाच्या घरात वर्षभरात चार किलो बाप कमी झाला होता.

"किती भरलो?" अप्पांनी विचारलं.

"ठीक आहे," निरीक्षक म्हणाले.

फॉर्मवर पुढचा रकाना होता: 'घट असल्यास कारण. खालीलपैकी एकावरच खूण करावी. कीड. पाण्याची कमतरता. उन्हाची कमतरता. दुर्लक्ष.' निरीक्षक पेन घेऊन बसून राहिले. गजर वाजला, तरी उठले नाहीत. खुर्ची त्या वेळी बाई आणि मुलीने हलवली. मग त्यांनी तिसऱ्यावर खूण केली. जरा थांबून चौथ्यावरही केली. एकावरच करावी, असा स्पष्ट नियम असताना त्यांनी तो मोडला, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून झालेला हा पहिला नियमभंग होता.

बातमी जिन्याने वर-खाली गेली. नर्सबाईंच्या सासूबाईंनी ओव्याची कुंडी मागून घेतली आणि खिडकीशी येऊन बसल्या. टेलरचे सासरे कोथिंबीर घेऊन बाल्कनीत आले. वर्षअखेर समितीने अहवाल काढला त्यात म्हटलं होतं: 'यंदा फिरत्या बागांत एकोणीसने विक्रमी वाढ झाली असून या नव्या बागा सत्तर वर्षांवरील व अत्यंत टिकाऊ आहेत.' शून्य पडीकची पाटी सगळ्यांना मिळाली, निरीक्षकांनाही. सचिवांनी ती लावताना अप्पांना विचारलं, "काही मागणी?" अप्पा म्हणाले, "घड्याळ पुन्हा मागे पडतंय तुमचं. ठेवून जा. मंगळवारी या."

शेवटच्या तपासणीला निरीक्षकांनी स्वतः 'एकतीस ब'ची नोंद केली. पुदिना केव्हाच वाळून गेला होता. कुंडीत नुसती माती होती, आणि तिच्यावर अप्पांचे दोन्ही हात, ऊन खात. (व्याख्येत माती आहे, रोप नाही, हे अप्पांनी आधीच पाहून ठेवलं होतं.) निरीक्षकांनी वजन लिहिलं: अठ्ठावन्न किलो दोनशे. आणि शेऱ्यात लिहिलं: 'वाढ समाधानकारक.' शिक्का मारला.

ही योजना आता सर्वत्र लागू करावी, अशी शिफारस आहे. तोवर वाचकांनी एक छोटी पाहणी घरच्या घरी करावी. हे वाचून होईपर्यंत तुमच्या खिडकीतलं ऊन तीन-चार बोटं सरकलं असेल. कुंडी फिरवायला उठणारच आहात, तर उठताना कपाट आणि भिंत यांच्यामध्येही एकदा बघा. तिथे कुणी बसलं असेल, तर त्यांचं मागचं वजन तुम्हाला आठवतं का? आठवत नसेल, तर आज त्यांच्या हातात एक कुंडी द्या. तिथे कुणीच नसेल, तर ती जागा मोजून ठेवा. चार चौरस फूट भरेल. तुम्हाला पुरेल.